शिडाच्या होडीचा तळ : खरवडणे आणि रंगविणे

मे महिना संपत आला म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढण्याची घाई सुरू होते. अमावास्येच्या अथवा पौर्णिमेच्या उधाणाची भरती साधून होडी जितकी वर आणता येईल तितकी आणावयाची, ओंडक्यांवरून सरकवीत उंच जागी न्यावयाची आणि माडाच्या झापांनी शाकारून पावसाळाभर ठेवून द्यावयाची, ही पूर्वापार वहिवाट आहे. परंतु ज्या घरी होडी असते त्या घरी बहुधा थोडे भातशेतही असते. राब भाजून झालेली असते, बांध नीट करावयाचे असतात, मृगाचा पाऊस डोक्यावर आलेला असतो. अशा वेळी होडीच्या तळाकडे पाहावयास कोणास सवड नसते. तो मग श्रावणाच्या तोंडावर, दोन सरींमधल्या उघडिपीत, बाजारातून आणलेल्या डब्यातील रंगाने घाईघाईने झाकला जातो.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे होडीचा तळ हा विषय शेतीच्या पत्रिकेत कसा, असे विचारण्याचे कारण आता उरलेले नाही. किनाऱ्यावरील शेतकऱ्यास ते पूर्वीही नव्हते.

शिडाच्या होड्या आता थोड्या राहिल्या आहेत. ज्या आहेत त्यांतील पुष्कळांना मागे लहानसे यंत्रही लावलेले असते. तरीही तळाची निगा समजून घेण्यास शिडाच्या होडीसारखे दुसरे साधन नाही. यंत्राच्या नौकेचा तळ घाण झाला तर ती थोडे अधिक तेल जाळून पुढे जाते, आणि मालकास त्याची वार्ता महिन्याच्या हिशेबातच लागते. शिडाच्या होडीस वारा मिळेल तेवढाच मिळतो. तळावर शेवाळ व शिंपा चढल्या की ती वाऱ्याच्या तोंडाकडे जाईनाशी होते, ओहोटीच्या ओढीपुढे थिजते, आणि तांडेलाच्या हाताला सुकाणूवरच ते जाणवते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत माझाही दोष आहे. एका खाडीकाठच्या गावी सुमारे सात मीटर लांबीची एक लाकडी होडी होती. तिचा मालक मेहनती, व्यवहारास चोख. दर वर्षी न चुकता तो तळास रंग देई. ऑगस्टच्या आरंभी मी त्या गावी गेलो असता होडी नुकतीच रंगवून तयार होती. तांबडा तळ, वर निळा पट्टा, नाळेवर हार घातलेला. मी ती दोन-चार जणांना आदर्श म्हणून दाखविली. आठ दिवसांनी निरोप आला की होडीत पाणी भरते आहे. पुन्हा वर ओढून रंग काढला तेव्हा पठाणालगतच्या, म्हणजे तळाच्या कण्यालगतच्या फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी पाच-सहा छिद्रे दिसली. तेथे टोच्या घातला तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाचे थर एकावर एक बसून कवच झाले होते व फळी आतून पोकळ झाली होती. दोन फळ्या बदलाव्या लागल्या. लाकूड मिळेपर्यंत, सुतार मोकळा होईपर्यंत हंगामाचा पहिला दीड महिना गेला. त्या घरावर जाळ्यांचे कर्ज होते. होडी पाहताना मी रंग पाहिला होता, लाकूड पाहिले नव्हते.

पाण्यात काय घडते

तळाचे शत्रू दोन प्रकारचे आहेत व त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रकार बाहेरून चिकटणाऱ्यांचा. त्यात शेवाळ, कालवे, शिंपल्या आणि बार्नेकल येतात. बार्नेकल चुनखडीच्या लहान डोंगरासारखा दिसतो म्हणून आपण त्यास शिंपल्याचा भाऊ समजतो. वस्तुतः तो खेकडा व कोळंबी यांच्या कुळातला आहे. त्याचे पिल्लू पाण्यात पोहत असते. योग्य जागा सापडली की ते डोक्याकडील बाजूने तळास चिकटते आणि भोवती चुन्याचे घर बांधते. एकदा बसले की आयुष्यभर तेथेच राहते. हा प्राणी लाकूड खात नाही. तो गती खातो, आणि त्याच्या कवचाची वाढती कड रंगाखाली शिरून रंग फोडते.

दुसरा शत्रू याहून वाईट आहे. टेरेडो या नावाने ओळखला जाणारा हा लाकूड पोखरणारा जीव दिसावयास किड्यासारखा असला तरी शिंपल्याच्या वर्गातला आहे. त्याची दोन लहान शिंपुले डोक्याशी असतात व त्यांचा तो कानशीसारखा उपयोग करतो. लहानपणी तो लाकडात बारीक छिद्र पाडून शिरतो आणि पुढे आतच वाढतो. तो वाढला तरी बाहेरचे छिद्र तेवढेच राहते. लाकडाच्या तंतूंबरोबर बोगदा करीत जाताना तो शेजारच्या बोगद्यास सहसा भेदीत नाही, म्हणून फळीचा पापुद्रा शेवटपर्यंत शाबूत दिसतो. आपल्यासारख्या उष्ण समुद्रात असंरक्षित लाकडाची तो काही महिन्यांत चाळण करू शकतो. होडी पाण्याबाहेर काढली की तो लगेच मरतो, हीही समजूत बरोबर नाही. छिद्राचे तोंड तो आतून दोन पट्ट्यांनी बंद करतो आणि काही आठवडे तग धरतो. पावसाळाभर होडी कोरड्यात ठेवण्याची, अथवा खाडीच्या वरच्या अंगास गोड्या पाण्यात नेऊन ठेवण्याची जुनी चाल या दृष्टीने शहाणपणाची होती. पुष्कळ दिवसांचे गोडे पाणी व कोरड ही दोन्ही त्यास मारक आहेत.

त्या काळी तळास चुना, राळ, माशाचे तेल, डांबर असे जे हाताशी असेल ते लावीत. मोठ्या जहाजांसही हे चुकले नव्हते. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी, गिर्ये येथे, मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. जहाजाचा तळ पाण्याबाहेर काढून पाहण्यासाठी आरमाराने खडक फोडला, तेथे आपण एक दिवस काढावयास हरकत नसावी.

खरवडण्याचा दिवस

तळ खरवडण्याचा खरा दिवस होडी वर घेतली तोच होय. तळ ओला असताना शेवाळ नुसत्या ताठ कुंच्याने निघते, बार्नेकलही पातीच्या एका रेट्याने सुटतो. दोन दिवस ऊन लागले की तेच शेवाळ चामड्यासारखे वाळते आणि बार्नेकल दगडासारखा बसतो. मग जोर करावा लागतो व जोराबरोबर लाकूड जाते. राबणारी माणसे त्या दिवशी होडी ओढून दमलेली असतात हे खरे. परंतु ओढावयास जमलेले हात दुसऱ्या दिवशी मिळत नाहीत, म्हणून त्याच संध्याकाळी निदान ओला मळ तरी उतरवून घ्यावा.

होडी ओढण्यापूर्वी, ती पाण्यात भरलेली उभी असताना, पाणी कोठवर येते त्याची खूण खडूने दोन्ही अंगांस करून ठेवावी. तळाचा रंग या खुणेच्या चार बोटे वरपर्यंत न्यावयाचा असतो. पुढे ही रेषा अंदाजाने काढू गेल्यास ती हमखास वाकडी येते.

होडी पठाणावर तोलून तीन-चार ओंडक्यांवर ठेवावी व दोन्ही बाजूंस टेकू द्यावेत. टेकूखालची जागा खरवडावयाची झाल्यास शेजारी दुसरा टेकू बसल्याखेरीज पहिला काढू नये. एकाच बाजूच्या टेकूवर उभ्या होडीखाली कोणी शिरू नये, मुलांनी तर मुळीच नाही.

खरवडणीची पाती रुंद असावी व तिचे दोन्ही कोपरे कानशीने घासून गोल करावेत, नाहीतर ते फळीत चर पाडतात. शेतातील खुरपे या कामास घेऊ नये. त्याची धार वाकडी असल्याने ते नेमके फळ्यांच्या सांध्यात घुसते आणि आत ठासलेला कापूस उपसून काढते. पाती लाकडाच्या तंतूंच्या दिशेने चालवावी. बार्नेकल निघून गेला तरी त्याच्या बुडाची पांढरी चकती तळास चिकटून राहते. ती राहू दिली तर तिच्यावरचा रंग पहिल्या महिन्यातच पापुद्र्यासारखा सुटतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यास दुसरा उपाय नाही.

दर वर्षी सर्व जुना रंग लाकडापर्यंत काढलाच पाहिजे असे नाही. जो थर घट्ट बसला आहे, नखाने वा पातीच्या कडेने सुटत नाही, तो खरबरीत करून त्यावर नवा थर देता येतो. परंतु थर जाड होऊन त्यास भेगा पडू लागल्या, ठिकठिकाणी पोपडे सुटू लागले, अथवा खाली काय लावले आहे हे कोणासच आठवत नसेल, तर तळ एकदा उघडा करावा. डांबर लावलेल्या तळाची गोष्ट वेगळी आहे. डांबरावर कोणताही रंग दिला तरी डांबर वर उमटून येते. तेथे डांबर पूर्ण खरवडावे, नाहीतर डांबरच लावीत राहावे.

जुना रंग कोरडा घासू नये. जुन्या होड्यांच्या खालच्या थरांत शेंदूर, म्हणजे शिशाचा रंग, आढळतो. मधल्या थरांत तांबे व इतर विषारी द्रव्ये असतात. त्यांची धूळ श्वासावाटे पोटात जाते. तळ पाण्याने ओला ठेवून, पाणी लावावयाच्या पॉलिश कागदाने घासावे. नुसता रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, धुळीसाठीचा मुखवटाच वापरावा. पूर्वी वाळल्या झावळ्यांचा जाळ दाखवून तळ शेकीत व त्याने कीडही मरे. चुना व राळ यांच्या दिवसांत ते ठीक होते. आजच्या रंगास जाळ दाखविल्यास विषारी धूर निघतो. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट सुटतो खरा, पण तो लाकडाचे तंतू पिंजून टाकतो.

खरवड कोठे जाते, हा प्रश्न आजवर आपण विचारीत नव्हतो. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची मोठी शेती आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तेथे कालवांची पिल्ले धरेनाशी झाली व मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली. शोध घेता कारण निघाले नौकांच्या तळाच्या रंगातील कथिलाचे एक संयुग, ट्रायब्युटिल टिन. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान नौकांवर या रंगास बंदी घातली. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ पासून अमलात आहे. ते रंग आता मिळत नाहीत, पण तांब्याचे रंगही विषच आहेत. आपल्या खाड्यांत बायका ओहोटीला कालवे व खुबे काढावयास जातात. ती जागा पुष्कळदा होड्या ओढण्याच्या जागेला लागूनच असते. म्हणून होडीखाली ताडपत्री पसरावी, खरवड गोणीत भरावी आणि ती खाडीत, विहिरीजवळ अथवा खतखड्ड्यात टाकू नये. बार्नेकलचा चुना माडाच्या आळ्यात घालावा असे काहींच्या मनात येते. रंग चिकटलेला चुना बागेच्या कामाचा नाही. ग्रामपंचायतीशी बोलून गावच्या सर्व होड्यांची खरवड एका ठिकाणी गोळा करण्याची सोय गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यापूर्वीच पाहावी.

लाकूड पाहणे

तळ उघडा झाल्यावर रंगाचा डबा आणण्यापूर्वी टोच्या व लाकडी मोगरी घेऊन बसावे. मोगरीने फळी ठोकीत जावे. निरोगी लाकूड खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. पठाण व त्यालगतची फळी, सुकाणूची जागा, पाणरेषेजवळचा पट्टा आणि खिळ्यांच्या भोवतालची काळी पडलेली जागा येथे विशेष लक्ष द्यावे. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले तर ते मेणाने बुजवून पुढे जाऊ नये. टोच्याने कोचून बोगदा किती लांब जातो ते पाहावे. फळी बदलावयाची असल्यास मे-जूनमध्ये कळणे व ऑगस्टमध्ये कळणे यात संपूर्ण हंगामाचा फरक आहे.

यानंतर होडी शाकारावी. बुडाचे बूच काढून ठेवावे व नाळ किंचित उंच करावी, म्हणजे पावसाचे पाणी आत साचणार नाही. साचलेले गोडे पाणी टेरेडोस मारते खरे, परंतु आतून वांकांस व फळ्यांस कुजविते. उघडिपीचे कडक ऊन तळावर थेट पडू देऊ नये. फळ्या अति वाळल्या की आकसतात व सांधे उघडतात. असे उघडलेले सांधे पाहून घाबरून ते कडक लुकणाने गच्च भरण्याची चूक पुष्कळ जण करतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, आणि कडक भरण एकतर बाहेर फेकले जाते किंवा फळ्यांच्या कडा चिरडते. सांध्यात कापूस नीट ठासून वर मऊ राहणारे लुकण भरावे.

रंग

सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या शेतकऱ्यास तांब्याचा गुण नव्याने सांगावयास नको. मोरचुदातील जे तांबे बुरशीस मारते तेच तळाच्या रंगात क्युप्रस ऑक्साइडच्या रूपाने असते, आणि पाण्यात किंचित किंचित विरघळून चिकटू पाहणाऱ्या पिल्लांना दूर ठेवते. येथे ‘विरघळून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजांच्या तळावरील तांब्याचे पत्रे झिजू नयेत म्हणून त्यांस लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजावयाचे थांबले, आणि त्याबरोबर त्यावर शेवाळ व बार्नेकल भरपूर वाढू लागले. तांबे झिजते तोवरच राखण करते. म्हणून ‘न झिजणारा रंग द्या’ असे दुकानदारास सांगण्यात अर्थ नाही. तळाचा रंग खर्ची पडण्यासाठीच असतो.

याच तांब्याचे लोखंडाशी वैर आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाचा तळ तांब्याने मढविला. दोन वर्षांनी पाहिले तो तांब्याशी भिडलेले लोखंडी खिळे खारट पाण्यात खाऊन गेले होते. जेथे पत्र्याच्या वेष्टनाचा कागद चुकून मध्ये राहिला होता तेथले खिळे मात्र शाबूत होते. आपल्या होड्यांत लोखंडी खिळे असतातच. त्यांची डोकी घासून, आधी गंजरोधक अस्तर देऊन, वर लुकण भरावे व मगच तांब्याचा रंग द्यावा. कागदाचे काम येथे अस्तर करते. मागे लावलेल्या यंत्राच्या अॅल्युमिनियमच्या पायास तांब्याचा रंग मुळीच लावू नये. जस्ताची पट्टी बसविली असेल तर तिला कोणताच रंग देऊ नये, ती उघडी राहिली तरच उपयोगी पडते.

लाकूड कोरडे झाले की नाही हे हाताने कळत नाही. संध्याकाळी वीतभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर घट्ट बसवावा. सकाळी त्याच्या आतल्या अंगास दव दिसले तर अजून थांबावे. कोरड्या उघडिपीत प्रथम अस्तराचा हात द्यावा. हा हात लवकर देऊन ठेवण्यास हरकत नाही. विषारी रंगाचे शेवटचे दोन हात मात्र होडी पाण्यात ढकलण्याच्या आधीच्या दिवसांतच द्यावेत. पुष्कळ रंग उघड्यावर फार दिवस राहिले की निकामी होतात. रंगल्यावर किती तासांनी व किती दिवसांच्या आत होडी पाण्यात गेली पाहिजे ते डब्यावर छापलेले असते. वाचता न येणाऱ्यास ते वाचून दाखवावे.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. होडीची पाण्यातील लांबी घ्यावी. रुंदी व पाण्यातील खोली यांची बेरीज करून तिने लांबीस गुणावे आणि त्याचे पाऊण पट धरावे. लांबी ७ मीटर, रुंदी २ मीटर, खोली ०.६ मीटर असेल तर ७ गुणिले २.६ म्हणजे १८.२, त्याचे पाऊण पट सुमारे १३.७ चौरस मीटर. दोन हात म्हणजे २७.४. डब्यावर एका लिटरास ८ चौरस मीटर लिहिले असेल तर साडेतीन लिटर रंग पुरेल. हा अंदाज आहे, पण दुकानात उभे राहून केलेल्या अंदाजापेक्षा बरा.

तांब्याचे रंग जड असतात व तांबे डब्याच्या बुडाशी बसते. काठीने बूड खरवडून, अधूनमधून पुन्हा ढवळून रंग वापरावा. न ढवळलेल्या डब्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे नुसते रंगीत तेल होय. रंग अधिक पुरावा म्हणून त्यात रॉकेल ओतणारे लोक मी पाहिले आहेत. नाळ, पठाणाची खालची बाजू व सुकाणू येथे झीज जास्त, म्हणून एक हात जादा द्यावा. टेकू हलवून त्यांच्याखालच्या जागाही रंगवाव्यात, कारण टेरेडोस रुपयाएवढी उघडी जागा पुरते.

फायबरच्या होड्यांस टेरेडोचे भय नाही, बार्नेकलचे आहेच. तेथे पाती लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्यावी. वरचा गुळगुळीत थर फुटला तर पाणी आत मुरते व फोड येतात.

होडी पाण्यात ढकलण्यासही उधाणच पाहावे लागते. नारळी पौर्णिमा पौर्णिमेलाच येते, यात आपल्या पूर्वजांची सोयही आहे. ढकलण्याच्या आदल्या दिवशी बूच लावून आत समुद्राचे थोडे पाणी घालावे व ओली गोणपाटे पसरावीत, म्हणजे फळ्या फुगून सांधे मिटू लागतात. पहिली रात्र होडी उथळ पाण्यातच बांधावी. थोडे पाणी येईल. दुसऱ्या दिवशी ते कमी झाले पाहिजे. तसे न होता वाढले तर ओहोटीला ती पुन्हा वाळूवर घ्यावी.

वर सांगितलेल्या होडीचा मालक आता आतल्या एका फळीवर तैलरंगाने वर्ष, अस्तराचे नाव, रंगाचे नाव व लिटर लिहून ठेवतो. होडी वर घेण्याचा दिवस ठरला की मला निरोप येतो. मी पोहोचेपर्यंत तळ निम्मा खरवडून झालेला असतो आणि टोच्या तो माझ्या हाती देतो.